सत्तर लाख घरांतलं एक घर

ब्रॅकन स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान ऑर्विल टेस्की सांभाळायचा. एकोणतीस वर्षं सांभाळलं. एकशेदहा हेल्मेटं, तेवढीच खांद्यांची चिलखतं, बूट, पट्ट्या, मलमं आणि हे सगळं पोटात घेणारा एक नारिंगी ट्रक. ट्रकच्या दोन्ही अंगांना करकोचा काढलेला, कारण आमच्या संघाचं नावच करकोचे. चित्रकार गावातलाच, त्यामुळे डावीकडचा करकोचा बदकासारखा आणि उजवीकडचा बगळ्यासारखा दिसायचा. कुणी नाव ठेवलं तर ऑर्विल म्हणायचा, "दोन्ही बाजू एकदम कुणाला दिसतात?"

मी त्याच इमारतीत तिकिटांच्या खिडकीवर बसते. व्हर्ना माझं नाव. माझी खोली आणि ऑर्विलचं गोदाम यांच्यामध्ये पुठ्ठ्याएवढी पातळ भिंत आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं भिंतीतून ऐकलंय. भिंतीतून ऐकलेलं जास्त खात्रीचं.

ऑर्विल उंच, जरासा वाकलेला, डाव्या पायाने लंगडणारा. बायको, आर्लीन, जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. माणसाचं नाव विसरेल, पण डोक्याचं माप विसरणार नाही. आमचे क्रीडा संचालक कर्टिस लडन हे वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याच संघातून खेळलेले. ते सूट-बूट घालून समोरून आले की ऑर्विल माझ्या कानात सांगायचा, "साडेसात नंबर. कान मोठे म्हणून आतून रबर कापावं लागायचं."

तेव्हा आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे संघांच्या गटात, आठ कॉलेजं होती. वर्षानुवर्षं तीच आठ आपापसात खेळायची. सगळ्यांत लांबचं मैदान चार तासांवर. खेळ संपवून माणूस जेवायला घरी. आणि साठ मैलांवरचं टिकोआ म्हणजे आमचं हाडवैर. त्यांचं सामान एल्डन व्होंड्रा सांभाळायचा. बुटका, गोल, तोंडाचा पट्टा सदा चालू. एका वर्षी त्याने आमच्या हेल्मेटांच्या पेटीत जिवंत हंस कोंडून पाठवला. पुढच्या वर्षी ऑर्विलने त्यांच्या सगळ्या शिट्ट्या मिरचीच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. आर्लीनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत व्होंड्रा पहिला होता. पण नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे आमच्या सामन्याच्या दिवशी, दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत.

मग एका एप्रिलमध्ये आम्हा सगळ्यांना जिममध्ये बोलावलं. भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावलेला. समोर प्रेस्टन गेल नावाचा सल्लागार. पातळ कोट, त्याहून पातळ मिशी. त्याने सांगितलं की ब्रॅकन स्टेट आता जुनं कॉन्फरन्स सोडून 'ग्रँड कोस्टल' नावाच्या नव्या कॉन्फरन्समध्ये जाणार. ब्रॅकनपासून सगळ्यांत जवळचा समुद्र हजारएक मैलांवर आहे. पण ते कुणी काढलं नाही, कारण बाहेर केक ठेवलेला दिसत होता.

"टीव्हीवाले खेळ विकत घेत नाहीत," गेल म्हणाला, "ते घरं विकत घेतात. न्यू जर्सीचं पॅलिसेड कॉलेज आपल्यात आलंय. पॅलिसेड म्हणजे न्यूयॉर्कचं दार. त्या दाराआड सत्तर लाख घरं आहेत. सत्तर लाख! ती आता आपली."

ऑर्विलने हात वर केला. "पॅलिसेडचा संघ कसा आहे?"

"गेल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. पण जागा उत्तम आहे."

"आणि आम्हाला कशासाठी घेतलं? आमच्या आजूबाजूला तर घरांपेक्षा गाई जास्त आहेत."

गेलने कागद चाळले. "तेरा कॉलेजं होत होती. वेळापत्रक बसेना. चौदावं हवं होतं."

मग ऑर्विलने पुन्हा हात वर केला. "त्या सत्तर लाखांना कुणी विचारलंय का?"

"काय विचारायचं?"

"की बाबांनो, तुम्ही आता आमचे झालात, हे तुम्हाला माहीत आहे का?"

सगळे हसले. गेलही हसला, आणि लडनसाहेबांनी घाईघाईने केक कापायला घेतला. ऑर्विल मात्र हसला नाही. त्याने प्रश्न मनापासून विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्याला मिळालेलं नव्हतं.

सप्टेंबरात पॅलिसेडचा सामना आला. खेळाडू विमानाने जाणार, पण एकशेदहा हेल्मेटं विमानात कोण घेणार? ट्रकने दोन दिवसांचा रस्ता. निघायच्या दिवशी सकाळी मी ऑर्विलला कॉफीचा थर्मास द्यायला गेले, तर ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर एल्डन व्होंड्रा बसलेला. मांडीवर बायकोने भाजलेल्या कोलाच्यांचा, म्हणजे मुरंबा भरलेल्या गोड पावांचा, डबा.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"तुम्ही आम्हाला टाकून गेलात ना, वहिनी," व्होंड्रा म्हणाला. "आमचं वेळापत्रक फाटलंय. या शनिवारी आम्हाला खेळायला कुणीच नाही. घरी थांबलो असतो तर बायकोने गॅरेज साफ करायला लावलं असतं."

"पहाटे याला घरून घेऊन आलो. फुकट चाललाय," ऑर्विल म्हणाला. "वर आत्तापासून माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतोय."

"अरे, हा ट्रक चालवतो की नांगर? मागून ट्रॅक्टर पुढे गेला लेका!"

"तो उतारावर होता."

असे ते गेले. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं जुळतं, म्हणून खरं धरायला हरकत नाही.

ऑर्विलने तारेची वही बरोबर घेतली होती. त्यात दोन प्रश्न लिहिलेले. पहिला, ब्रॅकन स्टेटचं नाव ऐकलंय का? दुसरा, ऐकलं असल्यास ते काय आहे? न्यू जर्सीत पोचल्यापासून जो समोर येईल त्याला तो विचारत सुटला. पेट्रोल पंपावर, धोब्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, शहरात जाणाऱ्या बसच्या रांगेत. लंगडत जायचा, टोपी काढायचा आणि विचारायचा. व्होंड्रा मागे उभा राहून लोकांना सांगायचा, "उत्तर देऊन टाका, नाहीतर तो बसमध्ये चढेल."

दोन दिवसांत दोनशेबारा माणसं झाली. दोनशेतीन जणांनी नाव ऐकलेलं नव्हतं. पाच जणांना ते तुरुंगाचं नाव वाटलं, दोघांना खोकल्याच्या औषधाचं. एक बाई म्हणाली, "हो, माझा पहिला नवरा तिथलाच," पण खोदून विचारल्यावर तो अलाबामाचा निघाला. एकच माणूस बरोबर बोलला. ब्रॅकन स्टेट, नेब्रास्का, नारिंगी कपडे. ऑर्विलने त्याचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मग कळलं, आमच्या खेळाडूंना विमानतळावरून आणणाऱ्या बसचा तो चालक होता.

"म्हणजे सत्तर लाखांत एक," व्होंड्रा म्हणाला. "आणि तोही पगारी."

सामना आम्ही एकेचाळीस-तीनने जिंकलो. प्रेक्षक इतके तुरळक की आमच्या प्रशिक्षकाची शिवी पलीकडच्या बाकांवर ऐकू गेली आणि एका म्हाताऱ्याने तिथून माफी मागितली, त्याला वाटलं त्यालाच दिली.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते दोघं रस्त्याकडेच्या एका ग्रीक खाणावळीत जेवायला थांबले होते. गल्ल्यावर फोटिनी कारास नावाच्या बाई बसल्या होत्या. वय एकोणसत्तर, अंगात काळा स्वेटर, चष्मा साखळीने गळ्यात. नवरा वारलेला. मुलगा स्टाव्रोस आत स्वयंपाक करायचा आणि बाई बाहेरून त्याला ओरडायच्या. ऑर्विल वही घेऊन गल्ल्यापाशी गेला.

"बाई, तुम्ही ब्रॅकन स्टेटचं नाव ऐकलंय?"

"नाही," कारासबाई म्हणाल्या. "तुम्ही माझं नाव ऐकलं होतं?"

"नाही."

"मग फिट्टंफाट. सूप घेणार का? लिंबाचं आहे."

आजवर ऑर्विलला असं कुणी गप्प केलं नव्हतं. तो सूप प्यायला, मग दुसरा वाडगा प्यायला. मग त्याने सगळं सांगितलं. कॉन्फरन्स, नकाशा, सत्तर लाख घरं.

"त्या सत्तर लाखांत माझं घर धरलंय?" बाईंनी विचारलं.

"धरलंय."

"मला न विचारता?"

"हेच! हेच मी म्हणत होतो!" ऑर्विलने गल्ल्यावर थाप मारली. ती इतक्या जोरात की टूथपिकचा डबा पडला. मग दोघंही वाकून काड्या वेचत बसले, आणि व्होंड्रा पालक भरलेली पेस्ट्री खात दुसरीकडे बघत राहिला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला तेव्हाच वास आला होता, आणि तो पालकाचा नव्हता.

निघताना बाईंनी विचारलं, "तुमचा खेळ टीव्हीवर दिसतो? तुम्ही दिसता?"

"मैदानाच्या कडेला उभा असतो. नारिंगी टोपी. हेल्मेट फुटलं की पळतो."

"या पायाने?"

"पळतो म्हणजे, निघतो."

नंतरचा सामना घरच्या मैदानावर झाला, आणि सोमवारी सकाळी ऑर्विलच्या गोदामातला फोन वाजला. मी भिंतीला कान लावला नाही. तशी गरजच पडत नाही.

"हो, मीच... दिसलो? कधी?... नाही हो, ते चाळीस नंबरचा पट्टा तुटला म्हणून... स्वेटर? नाही घातला. आमच्याकडे अजून तेवढी थंडी..." मग एकदम नरम आवाज. "बरं. घालतो."

आर्लीन गेल्यापासून या माणसाने स्वेटर घातला की नाही हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर रोज पाहते. पुढच्या शनिवारी तो स्वेटर घालून मैदानावर आला. तपकिरी, कोपरावर फाटलेला. सोमवारी पुन्हा फोन. "फाटलेला आहे हे तिथून दिसलं?"

तेव्हापासून दर सोमवारी फोन येऊ लागला. बाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "चेंडू कुठे जातो ते मला दिसत नाही, म्हणून मी तुम्हाला शोधते. तुम्ही दिसलात की मग वाटी धुवायला जाते. पण टीव्ही चालू ठेवते, पुन्हा दिसाल म्हणून."

इकडे दर मंगळवारी कॉन्फरन्सकडून आकड्यांचा कागद यायचा. कोणत्या शहरात किती घरांनी आमचा सामना पाहिला. पहिले तीन आठवडे न्यूयॉर्कसमोर सरळ शून्य. चौथ्या आठवड्यात अकरा हजार चारशे. लडनसाहेबांनी डोनट मागवले. पाचव्या आठवड्यात पुन्हा अकरा हजार चारशे. सहाव्या आठवड्यात अकरा हजार चारशे.

"एक घर कमी नाही, एक घर जास्त नाही," मी ऑर्विलला म्हटलं. "विचित्र नाही वाटत?"

"न्यूयॉर्कचे लोक शिस्तीचे असतील," ऑर्विल म्हणाला.

प्रेस्टन गेलने मात्र यावर बारा पानी अहवाल लिहिला. अहवालाचं नाव 'निष्ठावंत शहर'. मी वाचला. त्यात लिहिलं होतं की न्यूयॉर्कमध्ये आमचा एक स्थिर, प्रौढ आणि भावनिकदृष्ट्या गुंतलेला प्रेक्षकवर्ग तयार झाला आहे. हे त्या माणसाने लिहिलेलं एकमेव खरं वाक्य असावं.

ऑक्टोबरच्या मध्यावर कनेटिकटला सामना होता. रस्ता खाणावळीवरूनच जातो. निदान ऑर्विलच्या नकाशात जातो. व्होंड्रा पुन्हा बरोबर होता, टिकोआला पुन्हा कुणी खेळायला मिळालं नव्हतं. या वेळी बाईंनी दोघांना खाणावळीवरच्या मजल्यावर घरी कॉफीला नेलं. टीव्हीखाली एक काळी डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा.

"हे काय?" ऑर्विलने विचारलं.

"ते कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी सही दिलीय. कंपनीवाले ठेवून गेलेत. चिठ्ठीत आमचं नाव निघालं. मी टीव्ही बघायला बसले की माझ्या नावाचं बटण दाबायचं, मग त्यांना कळतं मी काय बघते. सगळ्यांच्या घरी नसते. फार थोड्यांकडे असते. आमची एक डबी म्हणजे म्हणे अकरा हजार आणि वर काहीतरी घरं."

ऑर्विलचा कप हवेत थांबला. व्होंड्राच्या तोंडातून कॉफी नाकात गेली आणि पाच मिनिटं तो खोकत होता.

"चारशे," ऑर्विल हळूच म्हणाला. "अकरा हजार चारशे."

"तुम्हाला कसं कळलं?"

ऑर्विलने बाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दडपून गेल्या असत्या, असं त्याला वाटलं. मला वाटतं तसं झालं नसतं. बाईंनी उलट तिकीट लावलं असतं. परत येताना व्होंड्रा ओहायोपर्यंत हसत होता आणि ऑर्विल आयोवापर्यंत गप्प.

"सांगून टाक लडनला," व्होंड्रा म्हणाला.

"शब्द दिलाय."

"अरे पण सगळं न्यूयॉर्क म्हणजे एक बाई आणि तिची वाटी!"

"मग काय झालं? मला तेवढं पुरतं."



मला ऑर्विलने सगळं सांगितलं, म्हणजे भिंतीला सांगितलं तरी चाललं असतं. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. एरवी हा टिकोआचा आठवडा. त्या वर्षी आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्याशा कॉलेजबरोबर घरच्या मैदानावर खेळलो, ज्याचं नाव आमच्या फलकावर मावलं नाही. कारासबाई त्याच आठवड्यात बहिणीकडे फ्लोरिडाला गेल्या. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मंगळवारी कागद आला. न्यूयॉर्क, शून्य.

बुधवारी प्रेस्टन गेल विमानाने हजर. बरोबर दोन माणसं आणि एक नवा नकाशा.

"आपण न्यूयॉर्क गमावलंय," तो सभेत म्हणाला. "एका आठवड्यात अख्खं शहर! असं आजवर कधी झालं नाही. शंभर घरं कमी झाली असती तर समजलं असतं. पण सगळ्यांनी एकजुटीने टीव्ही बंद केला. हा निषेध आहे."

"कशाचा निषेध?" लडनसाहेबांनी घाम पुसत विचारलं.

यावर दीड तास चर्चा झाली. एक म्हणाला, प्रशिक्षकाने मुलाखतीत पूर्वेकडच्या जेवणाला नावं ठेवली. दुसरा म्हणाला, नारिंगी रंग शहरी डोळ्याला खुपतो. शेवटी गेलने निकाल दिला. रंग बदलून राखाडी करायचा. आणि करकोचा काढून टाकायचा, कारण शहरातल्या माणसाने करकोचा पाहिलेलाच नसतो. त्याच्या जागी शहरी पक्षी आणायचा.

ही बातमी मी व्होंड्राला फोनवर सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "मग कबूतर घ्या. ब्रॅकनची लढाऊ कबुतरं. आम्ही दाणे घेऊन येतो."

गुरुवारी लडनसाहेब स्वतः गोदामात आले. मी टाइपरायटर थांबवला. आमच्याकडे अजून तो आहे.

"ऑर्विल, एकशेदहा हेल्मेटं राखाडी रंगवायची आहेत. शेवटच्या सामन्याच्या आत. आणि ट्रकवरचा तो पक्षी..."

"कर्टिस, दार लाव," ऑर्विल म्हणाला.

दार लागलं. भिंत होती तशीच राहिली.

"तुला एक गोष्ट सांगतो. नाव विचारायचं नाही, मी शब्द दिलाय. न्यूयॉर्कने निषेध केलेला नाही. न्यूयॉर्क बहिणीकडे गेलंय."

"काय?"

"डोळ्याचं ऑपरेशन आहे. बहिणीच्या."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. डबी, बटण, अकरा हजार चारशे. फक्त नाव आणि गाव गाळलं. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे लडनसाहेब बसले असावेत.

"म्हणजे ते निष्ठावंत शहर," ते म्हणाले, "एक बाई आहे?"

"एकच. पण निष्ठावंत आहे."

"आणि त्या आपला खेळ का बघतात?"

यावर ऑर्विलने एवढा वेळ लावला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"माझा स्वेटर बघतात," तो म्हणाला.

मग लडनसाहेबांनी खाकरून, अगदी कामकाजाच्या आवाजात विचारलं, "त्या परत कधी येणार?"

"थँक्सगिव्हिंगला. मुलाला टर्की एकट्याने जमत नाही."

"म्हणजे शेवटच्या सामन्याला घरी असतील."

"असतील. पण मी त्यांना फोन करून बघा म्हणून सांगणार नाही, कर्टिस. बघतील तर बघतील."

"नको, नको. अजिबात नको." साहेब उठले. दारापाशी थांबले. "ऑर्विल, मी हे ऐकलेलं नाही."

"मी बोललोच कुठे?"

"आणि तो राखाडी रंग... आपल्याकडे मिळत नसेल ना एवढ्यात?"

"थंडीत वाळत नाही," ऑर्विल म्हणाला. "मार्चशिवाय कठीण."

शेवटचा सामना झाला. हिमाचा मारा, वारा अंगाला चावणारा. ऑर्विल नव्या स्वेटरमध्ये होता, हिरवा, टपालाने न्यू जर्सीहून आलेला, बाह्या चार बोटं लांब. आम्ही हरलो. मंगळवारी कागद आला. न्यूयॉर्क, अकरा हजार चारशे. गेलने लगेच दुसरा अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं, नुसती रंग बदलण्याची कुणकुण लागताच शहर परत आलं, म्हणून आता प्रत्यक्ष बदलायची गरज उरलेली नाही. त्याला बढती मिळाली. करकोचा दोन्ही बाजूंना राहिला, डावीकडे बदक आणि उजवीकडे बगळा.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने मुदत संपली म्हणून कारासबाईंची डबी काढून नेली. त्यानंतर न्यूयॉर्क कायमचं शून्यावर गेलं. पण तोवर कुणाचं लक्ष नव्हतं. ग्रँड कोस्टलमधली मोठी कॉलेजं दुसऱ्या एका कॉन्फरन्सच्या मागे लागली होती, ज्याच्या दारात म्हणे शिकागो होतं. तिसऱ्या वर्षी उरलो आम्ही पाच. पॅलिसेडचा संघ तर फुटबॉल सोडून वल्ही मारायला लागला. ब्रॅकन स्टेट मुकाट्याने जुन्या कॉन्फरन्समध्ये परतलं. टिकोआ धरून बाकीच्या सात कॉलेजांनी आम्हाला परत घेताना मतदान केलं आणि एक मत विरोधात पडलं. ते कुणाचं हे व्होंड्रा अजूनही सांगत नाही.

ऑर्विल त्यानंतर एकच मोसम राहिला. मे महिन्यात निवृत्त झाला. आम्ही जिममध्ये चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनी रोल ठेवले. लडनसाहेब भाषणात रडले आणि त्यांचे कान लाल झाले. ऑर्विलला भाषण करायला सांगितलं तर तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर नंबरच्या पेटीची कडी हलकी आहे, जपून उघडा," आणि खाली बसला.

कारासबाईंचे फोन आता त्याच्या घरी जात होते, त्यामुळे मला ऐकू येत नव्हते. हे मला फार जड गेलं. एवढं कळलं की डबी गेली तरी त्या दर शनिवारी टीव्ही लावत होत्या. आमचा खेळ आता तिकडे दिसत नव्हता, तरी कुठलाही एखादा सामना लावायच्या आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांमध्ये बघायच्या. मग सोमवारी ऑर्विलला सांगायच्या, "परवा एक होता, पण लंगडत नव्हता."

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑर्विल आणि व्होंड्रा व्होंड्राच्या गाडीने न्यू जर्सीला गेले. म्हणायला व्होंड्राच्या पुतणीचं लग्न होतं. आठवड्याभरात परत यायचं होतं. दहाव्या दिवशी व्होंड्रा एकटाच आला. येताना माझ्या खिडकीपाशी थांबला.

"तो कुठाय?" मी विचारलं.

"तिथेच आहे, वहिनी. पहिल्या दिवशी पाहुण्यासारखा बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, या फ्रीजचं दार नीट लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने दार काढूनच ठेवलं. मग भांडी धुवायचं मशीन उघडलं. आता निम्मी खाणावळ सुटी करून ठेवलीय त्याने. बाई ओरडतात, हा ऐकत नाही. ती याला 'तू' म्हणते आता. 'तू स्वेटर घाल,' म्हणते. ऑगस्टमध्ये!"

"परत कधी येणार म्हणाला?"

"मशीन दुरुस्त झालं की."

त्याला आता सहा महिने झाले. परवा स्टाव्रोसने मला खाणावळीचा फोटो पाठवला. सगळी भांडी लखलखीत, फ्रीजचं दार जागच्या जागी. मागे भिंतीशी ते मशीन उघडं पडलेलं होतं, सगळे भाग फडक्यावर रांगेत मांडलेले, आणि शेजारी स्टुलावर ऑर्विल बसून लिंबाचं सूप पीत होता.